कापलेल्या कादंबऱ्या

सोमवारी सकाळी मास्तरांनी तिला ताई म्हटलं नाही, तिथेच तिनं सावध व्हायला हवं होतं. इतकी वर्षं ते तिला पहिलीताई म्हणत आले होते. सगळं शिवणखातंच म्हणत होतं. पण त्या दिवशी ते कापडाच्या थप्पीवर खडूनं रेघ ओढत होते, ती अर्धी सोडून, मान वर न करता म्हणाले, "शनिवारी माझा शेवटचा दिवस. घरात मी एकटा, तुम्हीही एकट्या. आता दूर राहणं पुरे, असं वाटतं. लग्न करू. शनिवारपर्यंत विचार करून सांगा."

आणि राहिलेली रेघ ओढली.

ती उशांच्या अभ्र्यांचं गाठोडं छातीशी धरून उभी होती. तिच्या तोंडून निघालं ते एवढंच, "हे कुठे ठेवू?"

"तिकडे," मास्तर म्हणाले.

लग्नाच्या मागण्या तिनं आयुष्यात इतक्या वाचल्या होत्या की त्यांचा एक ढीग केला असता तर त्याच्यामागे ती दिसली नसती. बोटीवर, बर्फात, जळत्या घराच्या दारात, कुणाच्या तरी उशाशी. अभ्र्यांच्या गाठोड्याला साक्ष ठेवून केलेली मागणी मात्र कुठल्याच लेखकाला सुचली नव्हती. गाठोडं खाली ठेवताना तिला ना आनंद झाला, ना भीती वाटली. आज घरी जाऊन जे पुस्तक उघडायचं होतं त्याचं आता काही खरं नाही, एवढंच तिला वाटलं.

शिवणखातं एका मोठ्या रुग्णालयाच्या तळघरात होतं. खिडक्या छताला टेकलेल्या. त्यांतून माणसं दिसत नसत, पाय दिसत. घाईचे पाय, ओढत नेलेले पाय, दारापाशी येऊन परत फिरणारे पाय. भिंतीपलीकडे धुलाईखाना, त्याची घरघर दिवसभर खुर्चीच्या पाठीतून अंगात शिरायची. चादरी, अभ्रे, मागून बंद बांधायचे रुग्णांचे झगे. मास्तर कापत, बायका शिवत. मधोमध विरलेली चादर उभी फाडायची, दोन्ही बाजूंच्या धड कडा मध्ये आणून जोडायच्या, की ती आणखी काही महिने निघते. मधली शिवण झोपणाऱ्याच्या पाठीला टोचते, पण रुग्णाला टोचायला बाकीही बरंच काही असतं.

वडील अचानक गेले आणि शाळेचा शेवटचा निकाल हातात पडायच्या आत ती इथे मशीनवर येऊन बसली होती. तेव्हापासून इथेच.

वाचनाचं वेड त्याच्याही आधीचं. लहानपणी ते राहत त्या इमारतीत खाली एक टायपिस्टबाई होत्या. त्यांच्या टेबलाचा एक पाय आखूड होता आणि त्याखाली एक जाडजूड प्रेमकथा घातलेली होती. टायपिस्टबाईंकडे तिला निरोप घेऊन पाठवायचे. एकदा त्या चहा करायला आत गेल्या तेव्हा तिनं टेबलाखाली वाकून पुस्तकाची दिसणारी बाजू वाचली. पुढच्या वेळी तिनं ते ओढून काढलं आणि टेबल लंगडं होऊ नये म्हणून त्या जागी आपलं भूगोलाचं पुस्तक सरकवलं. टायपिस्टबाईंना कधीच कळलं नाही. भूगोलाच्या बाईंना मात्र वार्षिक परीक्षेत कळलं. वडील म्हणाले, "हिला साधी नदी कुठून निघते ते सांगता येत नाही." तिला एकच नदी ठाऊक होती, नायक पोहून गेला ती, आणि तिचं उगमस्थान लेखकानं दिलं नव्हतं.

शिवणखात्यात ती जेवणाच्या सुट्टीत वाचायची. आधी बायकांनी थट्टा केली, मग डोकावून पाहिलं, मग "पुढे काय झालं?" सुरू झालं, आणि वर्षभरात सगळ्यांचा जीव त्या पुस्तकांत अडकला. पुस्तक एक, वाचणाऱ्या चौघी. चौघींचा धीर मिळून एका बाईपुरताही नव्हता. एका दुपारी हिसकाहिसकी इतकी झाली की काज-बटणं करणारी बाई, जिला सगळे बटणवाली म्हणत, रडायलाच लागली. मास्तर तेव्हा नवे होते. कापायच्या टेबलापाशी डबा खात होते. ते उठले, हात धुतले, म्हणाले, "आणा इकडे." आणि पुस्तक टेबलावर आडवं धरून, कापडाची चळत कापायच्या पात्यानं त्याचे कण्यातून चार भाग केले. खोलीत असा सुस्कारा उमटला जसा काही त्यांनी बोकड कापला.

"घ्या," मास्तर म्हणाले. "एकेक वाचा, पुढे द्या. आता आवाज नको."

तेव्हापासून ती रीतच पडली. पुस्तकं निवडून आणायचं काम तिचं, म्हणून पहिला भाग तिचा. म्हणून ती पहिलीताई. भाग सुटू नयेत म्हणून बायका त्यांना जुन्या चादरीच्या पट्टीचं कव्हर शिवत. दोन दिवसांनी पहिला भाग तिच्या हातून बटणवालीकडे जायचा, मग पुढे, आणि शेवटी फिरून मास्तरांकडे. चारही भाग परत आले की ते डिंक लावून जोडत, पाठीवर कापडाची पट्टी चिकटवत आणि वजनाखाली ठेवत. बँडेजच्या गठ्ठ्यांमागच्या कपाटात पांढऱ्या पाठीची अशी पुस्तकं रांगेनं उभी होती. रुग्णालयातून बरी होऊन बाहेर पडलेली, पण घरी कुणी न्यायला न आलेली, अशी ती दिसत.

निवडीच्या बाबतीत तिची मतं पक्की होती, आणि त्यावर ती कुणाचं ऐकत नसे. श्रीमंत नायक तिला चालत नसे. त्याला काम नसतं, तो नुसता खिडकीशी उभा राहतो. नायकाच्या हातांना काहीतरी यायला हवं. घोड्याचा खूर बघता यावा, बंद पडलेला पंप सुरू करता यावा, निदान दिव्याची काच न फोडता पुसता यावी. मूर्च्छा येणारी नायिका आणली तर बटणवालीला ती सांगायची, "हिला खुर्ची द्या आणि पुस्तक परत करा." स्मृती गेली की ती पुस्तक मिटायची. जुळ्या बहिणी निघाल्या तर दुकानदाराला बोल लावायची. जिथे दोघांना एकत्र आणायला पाऊस धावून येतो तिथे लेखकाला काम करायचं नसतं, असं तिचं स्पष्ट मत होतं. पाठीवर खालपर्यंत बटणं असलेला झगा नायिका एकटी घालून पंधराव्या पानावर बाहेर पडली, तेव्हा ती आणि बटणवाली दोघी मिळून हसून बेजार झाल्या होत्या.

पण सगळ्यांत जास्त तिला आवडायचा तो पहिला भागच. दोन माणसांना अजून काही कळलेलं नाही, आणि वाचणाऱ्याला कळलेलं आहे, तो काळ. तो तिच्याशी दाराच्या कडीवरून भांडतो. ती त्याची छत्री चुकून घेऊन जाते. कुणी काही बोलत नाही. पुढचं सगळं तिला ठाऊक असायचं, ते हातात पडेपर्यंत दिवस जायचे, आणि तोवर तिनं मनात जो शेवट केलेला असायचा तो बहुतेक वेळा छापलेल्यापेक्षा बरा निघायचा.

घरी वाचायला वेळ कुठे होता? भावाचं लग्न झालं, तो वेगळा झाला, आणि आई तिच्याकडे राहिली. आईचे पाय गेले, मग हात, मग झोप. एका हातात पुस्तक आणि दुसऱ्या हातात आईचं भांडं, अशी तिची कित्येक वर्षं गेली. वाचताना एक कान कायम पलंगाकडे. खोकला झाला की पान तिथेच थांबायचं. आई विचारायची, "लग्न होतं का गं त्यांचं?"

"होतं."

"मग ठीक," असं म्हणून आई डोळे मिटायची. तिला मधलं काही नको असायचं.

आई गेली तेव्हा रडायलाही तिला थकवा आला होता. दिवस पार पडले, भाऊ-वहिनी परतले, आणि एका संध्याकाळी ती कामावरून आली तर घरात कुणीच नव्हतं. तिनं चहा केला. दिवा लावला. एक नवं, न कापलेलं पुस्तक उघडलं. वाचता वाचता मध्येच थांबून ती कान टवकारायची. पलंगाकडून काही येत नव्हतं. पुन्हा वाचायची. पुन्हा थांबायची. नुसतं वाचायला शिकायलाच तिला वर्ष लागलं. मग एक दिवस तिच्या लक्षात आलं की आपण अर्धं पुस्तक संपवलं आणि एकदाही मान वर केली नाही. ती उठली आणि पाणी प्यायली. इतका मोठा ऐवज हाती लागल्यावर काय करतात ते तिला ठाऊक नव्हतं.

तेव्हापासून संध्याकाळ तिची होती. ती मोठ्यानं वाचायची. नायकाला शिव्या घालायची. "अरे मूर्खा, दार उघडंच आहे," असं भिंतीला सांगायची. रडू आलं तर नाक पुसायची नाही, गळू द्यायची. तिच्या चेहऱ्याकडे बघणारं कुणी नव्हतं, आणि चेहरा इतका सैल पडू शकतो हे तिला या वयात कळलं.

आणि आता मास्तर म्हणत होते, लग्न करू.

बटणवालीच्या कानावर ते कसं गेलं देव जाणे. तिच्या कानांना भिंती नव्हत्याच. मंगळवारी सकाळी ती दोऱ्याचं रीळ हातात घेऊन तिच्या मशीनपाशी येऊन उभी राहिली.

"काय गं, आम्हांला पत्रिका वगैरे, की वर्तमानपत्रातून कळायचं?"

"तू बटणं लाव."

"बटणं कुठे पळून जात नाहीत. मास्तर पळतायत शनिवारी. हो म्हटलंस का?"

"नाही."

"नाही म्हटलंस?"

"अगं, काहीच म्हटलं नाही."

"अरे देवा!" बटणवालीनं रीळ कपाळाला लावलं. "आम्हांला इतकी वर्षं डॉक्टर नको, जमीनदार नको, हातांत कसब असलेला आण म्हणून शिकवलंस. घे, कसब! माणूस चाळीस पदरी कापड एका रेघेत कापतो. आता आणखी काय पाहिजे, घोडा?"

पलीकडच्या दोघी खदखदून हसल्या. टेबलापाशी मास्तर पाठमोरे होते. त्यांचं पातं थांबलं, आणि पुन्हा सुरू झालं. त्या आठवड्यात फिरतीवर असलेली कादंबरी तशीच पडून राहिली. कुणी तिच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. सगळ्यांना याच गोष्टीचा पुढचा भाग हवा होता, आणि तो तिच्याकडे अडकला होता.

बुधवारी वहिनी आली. भाजी निवडायला बसली, म्हणजे लांबचं बोलायचं ठरवून आली होती.

"वन्सं, एक सांगते, राग मानू नका."

"म्हणजे रागावण्यासारखं आहे."

"बघा, लागलंच तुमचं! अहो, जन्मभर तुम्ही हेच वाचत आलात. प्रेम, प्रेम, प्रेम. माणूस जे मिळालं नाही त्याचंच वाचतो. आता चालून दारात आलंय तर तुम्ही दार लावून पुस्तक उघडणार?"

"पाकक्रियेची पुस्तकं वाचणारी बाई उपाशीच असते का?"

"शब्दात तुम्हांला कुणी धरायचं? पण उद्या पडलात, तर पाण्याचा पेला द्यायला कुणी नको?"

"पेला मी देणार की ते?"

वहिनीनं भाजी खाली ठेवली. मग हलक्या आवाजात म्हणाली, "तुमच्या भावाला बरं वाटेल हो. आईंचं सगळं तुमच्यावर टाकलं, हे त्यांना खातं."

भावाला बरं वाटावं म्हणून ती बरंच काही करत आली होती. लग्न तेवढं राहिलं होतं. वहिनीचं बोलणं वाईट नव्हतं. तेच तर अवघड होतं. वाईट बोललेलं झटकून टाकता येतं.

वहिनी गेल्यावर तिनं दिवा लावला आणि पुस्तक घेतलं. ओळी डोळ्यांसमोरून जात होत्या, जशी धुलाईखान्यातून कपड्यांची ढकलगाडी जाते. तिनं स्वतःला सरळ विचारलं, वहिनी म्हणते तसं आहे का? उपाशी होते म्हणून वाचत आले का? उत्तर ठाम नव्हतं. तरुणपणी थोडं असेल. तेव्हा पान उलटताना छातीत धडधडायचं आणि आपल्यालाही कुणी छत्री परत द्यायला यावं असं वाटायचं. मग ते विझलं, आणि वाचन तसंच राहिलं. भूक गेली तरी चव राहिली. आता तिला त्या दोघांपैकी कुणीही व्हायचं नव्हतं. तिला तिसरं व्हायचं होतं, जे बघतं ते. पुस्तकांतल्या नायिकेला सगळे विचारतात की तुझं प्रेम आहे का. तुझी संध्याकाळ तुला हवी आहे का, असं एकाही पुस्तकात कुणी विचारलेलं तिला आठवेना.

आणि तरी मास्तरांचा विचार केला की तिला अवघडल्यासारखं व्हायचं. माणूस चांगला होता. बायको आजारी असताना त्यांनी कधी रजेचं रडगाणं गायलं नाही. डब्यात स्वतः केलेलं असायचं, बहुतेक वेळा करपलेलं. अशा माणसाला नाही म्हणायचं तर निदान एखादं सज्जड कारण हवं. तिच्याकडे कारण होतं ते एक खुर्ची, एक दिवा आणि शांतता. हे चारचौघांत सांगण्यासारखं नव्हतं.

शनिवारी दुपारी मास्तरांचा निरोप झाला. वरून एक साहेब आले, कापडाबद्दल चार वाक्यं बोलले, सहीची घाई असल्यासारखे निघून गेले. चहा झाला. सगळ्यांनी मिळून मास्तरांना भिंतीवरचं घड्याळ दिलं. बटणवाली रडली, ती सगळ्यांच्याच निरोपाला रडायची, तरी त्यामुळे रडणं खोटं ठरत नव्हतं. मास्तरांनी पात्याला तेल दिलं, टेबल पुसलं, खडूचे तुकडे एका डबीत भरून ठेवले आणि घड्याळाचं खोकं काखेत मारून निघाले.

बसथांब्यावर ते बाकावर बसले होते. ती जाऊन शेजारी बसली, मध्ये घड्याळाचं खोकं. खोक्यातून टिकटिक येत होती. कुणीतरी घड्याळात आधीच सेल घालून ठेवला होता.

"केलात विचार?" मास्तर समोर बघत म्हणाले.

"केला. आधी मला एक सांगा. 'आता दूर राहणं पुरे' हे कुठून आणलंत?"

मास्तरांचे कान लाल झाले. "का? बरं नव्हतं?"

"बरं होतं. तुमचं नव्हतं."

मास्तरांनी खोक्यावरची दोरी सरळ केली. मग म्हणाले, "शेवटचा भाग नेहमी सुटायच्या वेळेला यायचा. लगेच चिकटवता यायचं नाही. डब्याच्या पिशवीतून घरी न्यायचो. हिच्याजवळ बसून राहावं लागायचं, तेव्हा वाचायचो."

"आणि बाकीचे तीन?"

"ते आले की वजनाखाली. ते कधी वाचले नाहीत."

"एकाही पुस्तकाचे नाही?"

"नाही. मला सगळे शेवटीच भेटले. कुणीतरी कुठूनतरी परत येतो. ती दारात उभी असते. तो म्हणतो, आता पुरे. ती रडते, संपलं. मला वाटलं, विचारायची हीच पद्धत."

तिला हसू फुटलं. ते आवरेना. थांब्यावरच्या दोन माणसांनी वळून पाहिलं. मास्तरही हसू लागले, थोडेसे ओशाळून. बऱ्याच वेळानं तिनं डोळे पुसले. इतकी वर्षं या माणसानं फक्त शेवट वाचले होते, आणि तिला फक्त सुरुवातीच आवडत होत्या.

"मग आधी काय होतं?" मास्तरांनी विचारलं.

"काही होत नाही. भांडतात. छत्र्या विसरतात."

"आणि त्याला तीन भाग लागतात?"

"लागतात."

मास्तर मग अगदी कापडाच्या पन्ह्याबद्दल बोलावं तसं म्हणाले, "तुमचा भाग मी कधी मध्येच कापला नाही. प्रकरण जिथे संपतं ते पान शोधायचो, तिथे पातं लावायचो. बाकीच्यांचं कुठेही."

म्हणून तिचा भाग कधी जाड असायचा, कधी बारीक. म्हणून बटणवाली कायम तक्रार करायची की पुढच्या भागांत वाक्य अर्ध्यावर तुटतं. तिला वाटायचं, आपलं नशीब. पहिल्या भागात काय काय लपलेलं असतं ते तिच्याइतकं कुणाला कळत नव्हतं. आणि इतकी वर्षं तिच्या हातांत दिलेलं तिला दिसलं नव्हतं. हे कळल्यावर छातीत काहीतरी उसळायला हवं होतं. उसळलं नाही. फार दिवसांनी सापडलेल्या, आता अंगाला न येणाऱ्या कपड्यासारखं ते तिनं मनात उलटंपालटं करून पाहिलं. कापड चांगलं होतं.

"मास्तर," ती म्हणाली, "माझं उत्तर नाही असं आहे."

मास्तरांनी मान हलवली, जशी मोजमाप ऐकताना हलवत.

"तुमच्यात काही कमी आहे म्हणून नाही."

"ते असतंच सगळ्यांत."

"मला संध्याकाळ मिळालीय, मास्तर. जन्मात पहिल्यांदा. मी दिवा लावते आणि वाचते. बस, तेवढंच."

"मग वाचा की. मी काही मागणार नाही. स्वयंपाक मला येतो."

"तुमचा डबा मी बघितलाय."

मास्तर हसले. "बरं, येत नाही. पण मी गप्प बसेन. तुमच्या वाचनात येणार नाही."

"तेच तर. तुम्ही गप्प बसलात तर मी ऐकत राहीन, का गप्प आहेत म्हणून. खोकलात तर पान सोडून उठेन. तुम्ही नको म्हणालात तरी उठेन. आईनं मला तशी करून ठेवलीय. ती गेली तरी वर्षभर मी पलंगाकडे कान लावून होते. आता कुठे ते थांबलंय. पुन्हा सुरू झालं तर थांबवायची ताकद माझ्यात नाही."

खोक्यात टिकटिक चालू होती.

"हिला जाऊन इतके दिवस झाले," ते म्हणाले, "अजून मी खोलीतून जाताना दार ओढून घेत नाही. हाक ऐकू यायला हवी म्हणून."

"मग तुम्हांला कळेल."

"कळतंय," मास्तर म्हणाले. "कळायला नको होतं."

तिला वाटलं, आपण आता काहीतरी चांगलं बोलावं, त्यांच्या शेवटच्या भागांत असतं तसं काहीतरी. पण तिचे पाय दुखत होते. मास्तरांचेही दुखत असावेत. ते एक पाय पुढे काढून बसले होते.

"भावाला काय सांगाल?" त्यांनी विचारलं.

"सांगेन, नाही म्हटलं म्हणून. वहिनी दोन दिवस बोलणार नाही. मग लोणचं घेऊन येईल."

"बटणवालीला?"

"तिला तुम्हीच सांगा. तिनं मला घोडा हवाय का विचारलं."

या वेळी मास्तर मोकळेपणी हसले, आणि त्यांची बस आली.

ते उठले. खोकं उचललं, काखेत नीट बसवलं. काही बोलायला तोंड उघडलं, पण मागच्या माणसांनी ढकललं आणि ते पायरीवर गेले. आत गर्दी होती. काचेतून तिला दिसत होतं, ते खोकं पोटाशी धरून एकेका बाकाकडे बघत पुढे सरकत होते. नायक असता तर काचेशी येऊन मागे वळून पाहिलं असतं. मास्तरांनी पाहिलं नाही; दमलेल्या माणसाला आधी बसायला जागा शोधावी लागते. एका बाईनं पिशवी उचलून मांडीवर घेतली, आणि मास्तर टेकले. खोकं त्यांनी मांडीवर उभं ठेवलं, त्यावर दोन्ही हात ठेवले आणि डोळे मिटले.

बसायला जागा मिळाली, हे बघून तिला इतकं हलकं वाटलं की त्याचं तिलाच नवल वाटलं. बस वळणावर दिसेनाशी झाली तरी ती तिकडेच बघत होती. तिची बस आली ती भरलेली. ती उठली, आत शिरली, वरचा दांडा धरला, आणि घरापर्यंत उभी राहिली.